नाना आजारी नसताना घ्यायची औषधं

ओच्यामे: …आणि रविवारी नाना स्वतःच्या पायांनी चालत दरबारात आले. पायात सोन्याच्या पट्ट्यांच्या चपला, मागे ढोल, वर छत्री. ना लंगडले, ना थांबले. सगळं यथासांग पार पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सेनाम: ओच्यामे, आज गुरुवार आहे.

ओच्यामे: म्हणूनच म्हणतो, हे तुम्ही ऐकलेलंच नाही. रविवारी रेडिओवाल्याला फुटबॉलची मॅच आहे, म्हणून त्याने आमची बातमी कालच वाचून ठेवली. टाळ्या त्याच्याकडे तयारच असतात.

सेनाम: बातमी इतकी चांगली आहे तर मला दवाखाना सोडून राजवाड्यात कशाला बोलावलंत?

ओच्यामे: बातमी चांगली आहे. अंगठा नाही.

सेनाम: कुणाचा अंगठा?

ओच्यामे: माझा.

नाना: आई गंऽऽऽ!

ओच्यामे: नाना म्हणतात, सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरबाई भर उन्हात आल्या, हे गावाचं भाग्य.

सेनाम: एवढं सगळं म्हणाले?

ओच्यामे: नाना थोडक्यात बोलतात. हे अकोंटान्सोचे राजे, म्हणून ‘नाना’; आणि मी पिपिम, त्यांचा ओच्यामे, म्हणजे त्यांचं तोंड. नानांशी कुणी थेट बोलत नाही, नाना कुणाशी थेट बोलत नाहीत. तुम्ही मला सांगायचं, मी नानांना. ते मला, मी तुम्हाला. वाटेत काही सुंदर करता आलं तर करतो.

सेनाम: आमच्या व्होल्टा भागातही राजे आहेत. मला माहीत आहे. आणि मी डॉक्टर नाही, फिजिशियन असिस्टंट आहे.

ओच्यामे: मागच्या डॉक्टरही हेच म्हणायच्या. चपला काढा. नानांसमोर पायात काही घालत नाहीत.

सेनाम: दारातच काढल्यात. पण नानांच्याही एकाच पायात चप्पल आहे. दुसरा पाय टॉवेलात दिसतोय.

ओच्यामे: तो पाय विश्रांती घेतोय.

सेनाम: विश्रांतीने पाय असा फुगत नाही. त्या अंगठ्याचं वांगं झालंय. जरा हात लावून बघते…

नाना: लावू नको! खबरदार! आणि तो पंखा बंद कर, पिपिम! त्याचा वारासुद्धा टोचतोय!

ओच्यामे: नाना म्हणतात, विजेची बचत प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरू करावी.

सेनाम: बरं. तुमचा अंगठा दाखवा मग.

ओच्यामे: हा घ्या.

सेनाम: हा तर ठणठणीत आहे.

ओच्यामे: दुखणं मी सांगतो. सूज नाना ठेवून घेतात. वर्षानुवर्षं अशीच वाटणी आहे.

सेनाम: आणि नानांनी स्वतः सांगितलं तर?

ओच्यामे: काय सांगणार? गादीवरचा माणूस आजारी पडत नाही. आजारी माणसाला गादीवर बसवत नाहीत. मागचे नाना गेले तेव्हाही ते वारले असं कुणी म्हटलं नाही. ते गावाला गेले, असं मी जाहीर केलं. अजून आलेले नाहीत.

सेनाम: मग रविवारी नानांना घरीच राहू द्या. तेही गावाला गेलेत म्हणा.

ओच्यामे: तोंड सांभाळा, बाई! तसं म्हटलं तर लोक शवपेटी घेऊन येतील.

सेनाम: मग चप्पल न घालता येऊ द्या. या अंगठ्यावर पट्टा बसणारच नाही.

ओच्यामे: राजाला गादीवरून उतरवताना काय करतात, ठाऊक आहे ना? दुसरं काही नाही. चपला काढतात. उघडा तळवा जमिनीला टेकला की तिथल्या तिथे राजेपण संपलं. गादीवर डोळा असलेला मिरेकू लाकूडवाला रविवारी पहिल्या रांगेत बसणार आहे. त्याने त्यासाठी नवा चष्मा केलाय. तो नानांच्या चेहऱ्याकडे बघणार नाही.

सेनाम: पालखी?

ओच्यामे: पालखीला वाळवी लागली. मागच्या सणाला नाना तिच्यातून निम्मे खाली आले होते.

नाना: निम्मे नाही. पुरता आलो होतो.

ओच्यामे: नाना म्हणतात, प्रजेच्या जवळ जायला त्यांना नेहमीच आवडतं.

सेनाम: कळलं. म्हणजे रविवारी चप्पल गेली तर गादी गेली, आणि चप्पल जायची ती या वांग्यामुळे. हा गाऊट आहे, ओच्यामे. युरिक ॲसिड साठतं आणि एका रात्रीत सांधा पेटतो. कधी सुरू झालं?

ओच्यामे: परवा पहाटे मी किंचाळत उठलो.

सेनाम: तुम्ही?

ओच्यामे: किंचाळले दुसरे. उठलो मी.

सेनाम: आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?

ओच्यामे: मी? मक्याची केंकी आणि मिरचीचा ठेचा.

सेनाम: तुम्ही नाही. अंगठ्याने काय खाल्लं होतं?

ओच्यामे: अंगठा एका अंत्यविधीला गेला होता. तिथे अंगठ्याने भाजलेली रानघूस खाल्ली. आग्रह झाला म्हणून बकऱ्याचं काळीज. मग ताडी. मग मृतात्म्याच्या नावाने श्नॅप्स दारू ओतली.

सेनाम: जमिनीवर?

ओच्यामे: थोडी जमिनीवर.

सेनाम: हं. अशा दुखण्याला पुस्तकात पहिल्या पसंतीचं औषध डायक्लोफेनॅक.

ओच्यामे: वा! पहिल्या पसंतीचं. नानांना तेच शोभतं. द्या.

सेनाम: आधी चार प्रश्न असतात. पोटात कधी अल्सर होता?

ओच्यामे: मला? छे. माझं पोट म्हणजे ढोल आहे.

सेनाम: रक्ताची उलटी? शौचाला काळं झालं?

ओच्यामे: कधीच नाही.

सेनाम: किडनीचं काही?

ओच्यामे: दोन आहेत. दोन्ही माझ्याच.

सेनाम: ओच्यामे, मी तुमच्या पोटाची चौकशी करत नाहीये. अंगठ्याच्या वर जे पोट आहे, त्याची करतेय.

ओच्यामे: त्या पोटाला अल्सर असूच शकत नाही. अल्सर हा आजार आहे.

सेनाम: दवाखान्यातल्या बायका म्हणतात, गेल्या पावसाळ्यात नाना बरेच दिवस कुमासी शहरात होते.

ओच्यामे: राजांच्या परिषदेला.

सेनाम: आणि परत आले तेव्हा अर्धे झाले होते.

ओच्यामे: परिषदेत जेवणाची आबाळ होते.

सेनाम: त्या परिषदेत रक्त चढवतात का?

ओच्यामे: मोठी परिषद आहे, बाई. तिथे काय काय असतं.

सेनाम: हे बघा, मी सरळ सांगते. पोटात जुनी जखम असेल आणि वरून डायक्लोफेनॅक गेलं, तर ती पुन्हा फुटू शकते. अंगठा उतरेल, चप्पल बसेल. पण रविवारी ती घालायला माणूस उरेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. मग तुम्हाला जाहीर करावं लागेल, नाना गावाला गेले.

नाना: पिपिम. सांग तिला.

ओच्यामे: नाना म्हणतात, आजची हवा किती…

नाना: हवा गेली खड्ड्यात! पोरी, पडलं होतं रक्त. डांबरासारखं. मी संडासात चक्कर येऊन पडलो. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. हा दाराबाहेर उभा राहून लोकांना सांगत होता, परिषद रंगात आली आहे.

ओच्यामे: नाना काहीही बोललेले नाहीत.

सेनाम: मीही काही ऐकलेलं नाही. पण डायक्लोफेनॅक बाद. आयबुप्रोफेनही बाद. त्या घराण्यातलं कुणीच नको. आता पर्यायी औषध बघू.

ओच्यामे: पर्यायी?

सेनाम: पुस्तकात खाली दिलेलं असतं. पहिलं चालत नसेल तर दुसरं.

ओच्यामे: नानांना दुसरं? खालचं? बाई, या राजवाड्यात पाहुण्यालाही आधी उकडलेला यॅम कंद वाढत नाहीत, आधी बकऱ्याची मांडी वाढतात. उद्या बाहेर कळलं की अकोंटान्सोच्या राजाला सरकारने पर्यायी औषधावर ठेवलंय, तर मी कोणत्या तोंडाने…

नाना: पिपिम, मला गादीवर बसवलं तेव्हा राजमातेने पहिलं नाव कुणाचं दिलं होतं?

ओच्यामे: नाना, बाहेरची माणसं बसली आहेत.

नाना: कुणाचं?

ओच्यामे: मिरेकूचं.

नाना: मग?

ओच्यामे: वडीलधाऱ्यांनी नाकारलं. गावाला पचला नाही.

नाना: दुसरं?

ओच्यामे: दुसरं नाव लंडनला टॅक्सी चालवत होतं. म्हणालं, रविवारी येतो, बाकीचे दिवस जमणार नाही.

नाना: आणि मी?

ओच्यामे: …तिसरे.

नाना: म्हणजे मी पर्यायाचा पर्याय. दे गं पोरी पर्यायी. कधीकधी चालून जातं.

ओच्यामे: नाना म्हणतात, ज्ञानाला वरचं-खालचं नसतं.

सेनाम: हे मात्र खरंच सुंदर केलंत. आता, एक आहे कोल्चिसिन. अंगठ्याला चांगलं. पण त्याने पोट बिघडू शकतं. जुलाब. कमी मात्रेत सहसा होत नाहीत.

ओच्यामे: सहसा.

सेनाम: दरबार किती वेळ चालतो?

ओच्यामे: सकाळचं ऊन चढल्यापासून सावल्या लांब होईपर्यंत. नाना छत्रीखाली बसतात. उठत नाहीत. नाना उठले तर दरबार उठतो. ढोल वाजतात, शिंगं फुंकतात आणि सगळं गाव नानांच्या मागे चालायला लागतं.

सेनाम: संडासापर्यंत?

ओच्यामे: नाना जातील तिथपर्यंत. शिंगवाले दाराशी थांबतात. पण फुंकत राहतात.

सेनाम: कोल्चिसिन बाद.

नाना: बाद. शंभर वेळा बाद.

सेनाम: मग राहतं प्रेडनिसोलोन. सूज लवकर उतरवतं. पोटासाठी सोबत दुसरी गोळी देईन. पण त्याने रक्तातली साखर वाढते. म्हणून आधी साखर बघायला हवी. बोटाला जरासं टोचायचं, एक थेंब.

ओच्यामे: अशक्य. राजाचं रक्त जमिनीवर सांडलं तर मेंढा कापावा लागतो. मेंढे रविवारसाठी राखलेत.

सेनाम: जमिनीवर नाही, या पट्टीवर.

ओच्यामे: पट्टी कशावर आहे? टेबलावर. टेबल कशावर आहे? माझं घ्या. अंगठा माझ्या नावावर आहे, थेंबही माझ्याच नावावर पडू दे.

सेनाम: तुमच्या थेंबाचा मला काय… बरं, आणा बोट. निदान नानांना दिसेल की दुखत नाही.

ओच्यामे: दुखलं.

सेनाम: थांबा. …अठरा.

ओच्यामे: उत्तम! मला शाळेत कधी अठरा मिळाले नाहीत.

सेनाम: ओच्यामे, हे मिलिमोलचं माप आहे, सहा-सातच्या आसपास असायला हवं. तुम्हाला रात्री लघवीला उठावं लागतं?

ओच्यामे: राजवाड्यात पहारा असतो. त्यानिमित्ताने उठतो.

सेनाम: तहान?

ओच्यामे: बोलणाऱ्याला तहान लागतेच.

सेनाम: वजन उतरलंय? अंगरखा खांद्यावरून घसरतोय तुमचा.

ओच्यामे: बाई, आपण नानांचा अंगठा बघायला आलोय. म्हणजे माझा.

सेनाम: हे रक्त तुमचं आहे. खरंखुरं तुमचं.

ओच्यामे: नानांसाठी दिलेलं रक्त नानांचंच. नाना म्हणतात, पुढचा विषय घ्या.

नाना: मी असं काही म्हटलं नाही. पिपिम, उद्या दवाखान्यात जा. आणि पोरी, तू इकडे ये. हे घे बोट. माझ्या अंगावरच्या केंटेच्या आत टोच. कापडाखाली काय चाललंय ते जमिनीला दिसत नाही.

सेनाम: …सहा. नाना, तुमची साखर माझ्याहून बरी आहे.

ओच्यामे: नानांना कोणीही थेट सांगू नये!

सेनाम: ओच्यामे, नानांना सांगा, त्यांची साखर माझ्याहून बरी आहे.

ओच्यामे: नाना, डॉक्टरबाई म्हणतात, आपल्या रक्तातही संयम आहे.

सेनाम: आता शेवटचं. रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे?

ओच्यामे: मला? ही पांढरी. मागच्या डॉक्टरांनी दिली. त्याही म्हणाल्या होत्या, पहिल्या पसंतीची.

सेनाम: पहिल्या पसंतीचीच आहे. लघवीवाटे पाणी काढते, रक्तदाब उतरवते. आणि युरिक ॲसिड चढवते.

नाना: म्हणजे ही गोळी खाऊन हा अंगठा आला?

सेनाम: एकट्या गोळीने नाही. रानघूस, काळीज आणि जमिनीवर न पडलेली श्नॅप्स यांनी हातभार लावला. पण हो, पहिल्या पसंतीने दार उघडलं.

ओच्यामे: मग पर्यायी द्या! दहा पर्यायी द्या!

सेनाम: पर्यायी ॲम्लोडिपिन. त्याने काहींचे पाय सुजतात.

ओच्यामे: कुठे?

सेनाम: घोट्याशी.

ओच्यामे: चपलेचा दुसरा पट्टा तिथेच बांधतात.

सेनाम: मला वाटलंच. मग लोसार्टान. ती युरिक ॲसिड थोडं कमीही करते. पण माझ्याकडे नाही, कुमासीहून मागवावी लागेल, आणि सोबत किडनीची तपासणी. ती येईपर्यंत ही पांढरी बंद, आणि मी रोज येऊन नानांचा रक्तदाब बघून जाईन. माफ करा, तुमचा. प्रेडनिसोलोन मात्र आत्तापासून. रोज सकाळी पोटभर खाऊन, दिवसाच्या सगळ्या गोळ्या एकदम. ताडी नाही, काळीज नाही, घुशीचं नावही नाही.

नाना: आणि चप्पल?

सेनाम: बसायला हवी. शपथेवर नाही सांगत.

ओच्यामे: शपथेची गरज नाही. रेडिओने सांगितलंय.

(सोमवार दुपार, सरकारी दवाखाना. ओच्यामे पिपिम एकटे आले आहेत. हातात पाण्याची मोठी बाटली, जवळपास रिकामी.)

सेनाम: काल रेडिओवर ऐकलं. ना लंगडले, ना थांबले.

ओच्यामे: रेडिओ अगदी खरं बोलला. चप्पल बसली. पट्टा लागला. नाना राजवाड्यापासून छत्रीपर्यंत चालत आले. मिरेकू इतका वाकून बघत होता की चष्मा धुळीत पडला. नाना त्याच्या बाजूने गेले, जरा हळू. पण हळू चालणं राजाला शोभतं.

सेनाम: हळू का? शनिवारीच पुष्कळ उतरायला हवं होतं. सगळ्या गोळ्या घेतल्या ना त्यांनी?

ओच्यामे: सगळ्या. मी स्वतः चाखून दिल्या.

सेनाम: चाखून?

ओच्यामे: नानांच्या तोंडात जे जातं, ते आधी ओच्यामेच्या तोंडात जातं. पूर्वी एका नानांना सूपमधून विष दिलं होतं, तेव्हापासूनची रीत आहे आमच्याकडे.

सेनाम: म्हणजे गोळी जिभेला लावली?

ओच्यामे: जिभेला लावून विष कळतं होय? गिळावं लागतं. प्रत्येक गोळीचे दोन तुकडे केले. एक मी, एक नाना. तुम्ही पोटभर खाऊन म्हणालात, तर तेही मी आधी खाल्लं.

सेनाम: अहो, म्हणजे निम्मं औषध तुमच्या पोटात! तेही प्रेडनिसोलोन! तुमची साखर आधीच अठरा होती! शुक्रवारी दवाखान्यात जा असं नाना म्हणाले होते ना? मी रोज राजवाड्यात येत होते, तुम्ही मला दिसलात एकदा तरी?

ओच्यामे: तुम्ही आलात की मी लघवीला जायचो. आधी वाटलं योगायोग आहे.

सेनाम: बोट आणा इकडे. आधी बोट.

ओच्यामे: दरबारातही तेच झालं. जिल्ह्याचे साहेब भाषण करून बसले. आता नानांनी उत्तर द्यायचं, म्हणजे मी. हातात सोन्याची काठी, समोर सगळं गाव, आणि मला अशी लागली म्हणून सांगू. मी काठी छत्रीवाल्याला दिली आणि केळीच्या बागेत पळालो.

सेनाम: शिंगं वाजली?

ओच्यामे: ओच्यामेला शिंगं नसतात.

सेनाम: मग साहेबांना उत्तर कुणी दिलं?

ओच्यामे: कुणीच नाही. म्हणजे, नाना बोलले.

सेनाम: थेट? गावासमोर?

ओच्यामे: माइकवर.

सेनाम: बाप रे. काय म्हणाले?

ओच्यामे: मी केळीत होतो. लोक सांगतात, ते म्हणाले, माझा अंगठा दुखतोय. मला अल्सर आहे. रक्तदाब आहे. तुमच्यापैकी ज्याला जे असेल ते घेऊन दवाखान्यात जा, तिथली पोरगी शेवटपर्यंत विचारते, सोडत नाही. मग म्हणाले, मला आता बसू द्या. आणि बसले.

सेनाम: आणि गादी? ओच्यामे, गादीचं काय झालं?

ओच्यामे: मिरेकू उठला, ओरडला, ऐकलंत? राजा स्वतःच्या तोंडाने म्हणतोय तो आजारी आहे! तेव्हा राजमाता उठली. म्हातारी शांतपणे म्हणाली, कुठल्या तोंडाने? राजाचं तोंड आत्ता केळीच्या बागेत लघवी करतंय.

सेनाम: नाही!

ओच्यामे: वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बरोबर आहे म्हणाले. ओच्यामेने म्हटल्याशिवाय राजाचं म्हणणं म्हटलेलं नसतं. मी परत आलो तर हजार माणसं माझ्याकडे बघतायत. वडीलधाऱ्यांनी विचारलं, ओच्यामे, नाना काय म्हणाले? मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हणालो, नाना म्हणतात, आजची हवा छान आहे.

सेनाम: आणि टाळ्या.

ओच्यामे: या वेळी खऱ्या. नाना गादीवर आहेत, चपला पायात आहेत, मिरेकू चष्मा दुरुस्तीला टाकून आलाय.

सेनाम: म्हणजे नाना जे बोलले ते कुणी ऐकलंच नाही.

ओच्यामे: एकानेही नाही.

सेनाम: मग बाहेर रांग कसली लागली आहे सकाळपासून? फाटकाच्या बाहेर गेलीय. आणि त्यातला एकही आजारी नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याचं दुखणं सांगायला आलाय. शेजारीही मागेच उभा असतो, तो पुढच्याचं सांगतो.

ओच्यामे: चांगली पद्धत आहे.

सेनाम: …सव्वीस.

ओच्यामे: नानांची?

सेनाम: नाना इथे नाहीत. तुमची. आत्ता इथेच झोपायचं, हाताला सलाईन लावते, इन्शुलिन देते. उतरलं की मेटफॉर्मिन सुरू. मधुमेहाला तेच पहिल्या पसंतीचं, आणि तुम्हाला ते चालेलसं दिसतंय. तुमचा ढोल बरा आहे, किडनी तपासून बघू. निदान तुम्हाला तरी वरचं मिळालं.

ओच्यामे: तुमच्या कार्डावर माझ्या नावाने आधीच अंगठा आहे, अल्सर आहे, रक्तदाब आहे. साखरेला जागा आहे का बघा.

सेनाम: नवं कार्ड करू. तुमचं तुमचं. बायकोला बोलावून घ्या, जेवणाखाण्याचं तिलाच समजावून सांगते.

ओच्यामे: तिला नको.

सेनाम: का?

ओच्यामे: तिचा विश्वास बसणार नाही. अल्सरचं पथ्य मी घरी पाळलं होतं, लोकांना दिसावं म्हणून. रक्तदाब होता तेव्हा मीठ सोडलं. परवा अंगठ्यासाठी लंगडलो. काल रात्री मी पाणी पिऊन पिऊन उठत होतो, तर ती कुशीवर वळून म्हणाली, आता कुणाचं घेऊन आलात?

सेनाम: मग सांगा तिला, माझंच आहे.

ओच्यामे: तसं वाक्य मी कधी बोललेलो नाही, बाई. माझी सगळी वाक्यं दुसऱ्याच्या नावाने सुरू होतात.

सेनाम: इथे बोलून बघा. मी एकटीच आहे.

ओच्यामे: …नाना म्हणतात, की ओच्यामेला…

सेनाम: नाना नाही.

ओच्यामे: गावात अशी बोलवा आहे, की…

सेनाम: ओच्यामे.

ओच्यामे: तुमच्याकडे कागद आहे? मग माझ्या वतीने लिहा. प्रति, जिल्हा आरोग्य अधिकारी. महोदय, अर्जदार पिपिम हा अकोंटान्सो गादीचा ओच्यामे असून, आजवर त्याला झालेले सर्व आजार इतरांचे होते. चालू आजार अर्जदाराचा स्वतःचा असल्याचे प्रथमच आढळून आले आहे. अर्जदारास या कामाचा पूर्वानुभव नाही. सबब अर्जदारास कायमस्वरूपी एक ओच्यामे मंजूर करण्यात यावा, आणि त्याने आज सायंकाळी, दिवेलागणीपूर्वी, अर्जदाराच्या घरी जाऊन अर्जदाराच्या पत्नीस कळवावे, की हे खरे आहे.